गुण आला; पण कशाने?

आमच्या शाळेतील एक शिक्षक एकदा अंजूर फाट्याकडून रिक्षाने शाळेत येत होते. वाहतूक खोळंबली होती. थांबलेल्या रिक्षाला मागून एका टेम्पोने धडक दिली. रिक्षाचा मागचा पत्रा चेपला, बाकी कोणाला खरचटलेही नाही. दोन्ही चालकांना भांडत ठेवून सर पायी शाळेत आले आणि त्यांनी पहिला तासही घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांना मान वळवता येईना. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडे शाबूत असल्याचे सांगितले आणि वेदनाशामक गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनंतरही ठणका राहिला, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून ते ठाण्यातील एका कायरोप्रॅक्टिक उपचारकाकडे गेले. त्याने मान दोन्ही हातांत धरून एकदम वळवली. ‘कट्’ असा आवाज झाला. अशा आठ बैठका झाल्या. दोन महिन्यांत सर बरे झाले. तेव्हापासून मानेचे दुखणे सांगणाऱ्या प्रत्येकाला ते तो पत्ता देतात आणि म्हणतात, ‘मला गुण आला.’

सरांची मान दुखत होती आणि ती थांबली, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तपासायचे आहे ते त्यांचे वाक्य. मराठीत ‘गुण आला’ म्हटले की तो घेतलेल्या उपचाराचाच, हे न बोलता गृहीत धरले जाते. ‘मी बरा झालो’ आणि ‘मी याने बरा झालो’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला अनुभव पुरतो. दुसऱ्याला पुरावा लागतो.

आधी दुखापत समजून घेऊ. चाबकाचा फटकारा या अर्थाच्या ‘व्हिपलॅश’ या नावाने ती ओळखली जाते. अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरोल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये हा शब्द वापरला. तिचे मूळ न्यूटनच्या पहिल्या नियमात आहे. धडकेने आसन पुढे ढकलले जाते, आसनाबरोबर धड पुढे जाते आणि डोके जडत्वामुळे मागे राहते. मग मान डोक्याला खेचून घेते. हे गणित नववी-दहावीच्या वर्गातही करता येईल. धडकेनंतर एक-दशांश सेकंदात रिक्षाचा वेग ताशी ८ किलोमीटर झाला असे धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ मीटर, त्वरण झाले २२ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या दुपटीहून अधिक. प्रौढ माणसाचे डोके सुमारे ५ किलोग्रॅमचे. त्याला एवढे त्वरण द्यायला ११० न्यूटन बल लागेल, म्हणजे सुमारे ११ किलोची पिशवी उचलण्याइतके. हे सरासरी बल झाले. डोके आधी मागे राहून मग खेचले जात असल्याने क्षणिक बल याहून जास्त असते, आणि ते द्यायला मानेखेरीज दुसरे काही नसते. मोटारीत पाठीच्या वर डोक्याला टेकण असते ते यासाठीच. रिक्षाच्या मागच्या बाकाला ते नसते.

या ओढाताणीत मानेचे स्नायू, अस्थिबंध आणि मणक्यांमधले छोटे सांधे दुखावतात. पाय मुरगळावा तसेच हे आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसते, मुरगळ दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ याचा अर्थ ‘दुखणे खोटे आहे’ असा नव्हे. सुधारणा मुख्यतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते. काहींचे दुखणे मात्र वर्षभर किंवा त्याहून अधिक रेंगाळते.

आता उपचाराकडे वळू. कायरोप्रॅक्टिकचा जन्म १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी झाला. डॅनियल डेव्हिड पामर हे तेथे ‘चुंबकीय उपचार’ करीत. हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबून आपण त्याचे बहिरेपण घालवले, असा त्यांनी दावा केला. त्यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला, की मणके किंचित सरकल्याने नसांवर दाब येतो आणि बहुतेक रोग त्यातून होतात. शरीररचनेचा तक्ता पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही येथे अडचण दिसेल. श्रवणाची नस कवटीच्या आतच कानापासून मेंदूकडे जाते; ती पाठीच्या कण्यातून जातच नाही. इंग्लंडमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या परिषदेनेच २०१० मध्ये जाहीर केले, की अशा ‘सरकण्या’मुळे रोग होतात या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही.

आपल्याकडे ‘मणका सरकला’, ‘गॅप आली’, ‘जागेवर बसवला’ असे सर्रास बोलले जाते. अपघातात मणका खरोखरच सरकला असेल, तर तो झटका देऊन बसवण्याचा विषय नाही; रुग्णाला हलवतानाही जपावे लागते. आणि ‘कट्’ हा आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातील वंगणद्रवात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला की आतला दाब कमी होतो, वायूची पोकळी निर्माण होते आणि आवाज येतो. बोटे मोडताना हेच घडते. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड अंगर यांनी पन्नासहून अधिक वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे रोज मोडली आणि तुलनेसाठी उजवा हात तसाच ठेवला. १९९८ मध्ये त्यांनी कळवले, की दोन्ही हातांत संधिवात नाही. प्रयोग एकाच माणसाचा, पण त्यात तुलनेचा हात होता. सरांच्या अनुभवात नेमके तेच नाही. त्याच काळात उपचार न घेतलेली दुसरी मान त्यांच्यापाशी नव्हती.

ही तुलना संशोधकांनी करून पाहिली आहे. अमेरिकेतील मिनेसोटात झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानदुखीच्या २७२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट करण्यात आले. एकाला हाताने मणक्यांवर उपचार, दुसऱ्याला औषधे, तिसऱ्याला तासाभराच्या दोनच भेटींत शिकवलेले घरगुती व्यायाम. बारा आठवड्यांनी पहिला गट औषधांच्या गटापेक्षा बरा निघाला. पण व्यायामाचा गट पहिल्याच्या बरोबरीने होता. हा अभ्यास सर्वसाधारण मानदुखीचा होता, खास व्हिपलॅशचा नव्हता, हे लक्षात ठेवावे. तरीही ‘काहीच उपयोग नाही’ असे म्हणणे जसे चूक, तसे ‘हाच उपाय’ म्हणणेही चूक, एवढे यातून दिसते.

दुसरा अभ्यास लिथुआनियातला, १९९६ सालचा. तेथे अशा दुखापतीबद्दल लोकांत फारशी चर्चा नव्हती आणि भरपाईसाठी विम्याचे दावेही क्वचितच होत. मागून धडक बसलेल्या २०२ जणांना एक ते तीन वर्षांनी मानदुखीबद्दल विचारले. अपघात न झालेल्या तुलनेच्या गटालाही विचारले. मान दुखते असे सांगणारे पहिल्या गटात ३५ टक्के, दुसऱ्यात ३३ टक्के! या अभ्यासावर टीकाही झाली. पण माणसाची मान अपघाताशिवायही दुखते, हे तुलनेचा गट नसता तर कळलेच नसते.

मग सरांना बरे कशाने वाटले? काळाने, हालचालीने, कोणीतरी शांतपणे ऐकून घेतल्याने, की झटक्याने? कदाचित सर्वांनी थोडे थोडे. दुखणे शिगेला पोचते तेव्हा माणूस नवा उपचार शोधतो, आणि शिगेनंतर उतार येणे स्वाभाविकच असते. त्या उताराचे श्रेय शेवटी घेतलेल्या उपचाराला मिळते.

श्रेयाचा हा घोटाळा निरुपद्रवी असता तर लेख लिहिण्याची गरज नव्हती. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून जातात आणि कवटीखाली तीव्र वळण घेतात. मान झटक्याने वळवल्यास धमनीचे आतले अस्तर फाटून पक्षाघात होण्याचा धोका सांगितला जातो. असे क्वचित घडते. शिवाय अस्तर आधीच फाटलेल्या रुग्णाचीही मान दुखते आणि तो उपचाराला जातो, त्यामुळे दोष नेमका कशाला द्यावा हे ठरवणे अवघड असते. तरीही अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०१४ मध्ये सांगितले, की रुग्णाला या संबंधाची कल्पना उपचारापूर्वीच द्यावी. केस कापल्यावर हौसेने मान मोडून घेणाऱ्यांनाही हे लागू आहे. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी नोंदणी परिषद नाही. पाटी लावणाऱ्याचे शिक्षण तपासण्याचे काम रुग्णावरच पडते. भौतिकोपचारतज्ज्ञांचा समावेश मात्र २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात झाला आहे.

साध्या व्हिपलॅशसाठी आजचा सल्ला असा: गंभीर इजा नाही याची डॉक्टरांकडून खात्री करावी, पट्टा लावून मान आखडून बसू नये, सोसेल तशी हालचाल चालू ठेवावी, व्यायाम शिकून घ्यावेत. हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, एकाएकी तीव्र डोकेदुखी, दोन-दोन दिसणे, बोलताना अडखळणे यांपैकी काहीही असल्यास तडक रुग्णालय गाठावे.

मध्यंतरी नववीतल्या एका मुलाने सरांकडे तो पत्ता मागितला. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. मानेबरोबर त्यांची बोटेही बधिर होत होती, हातातून वस्तू सुटत होती. सुदैवाने सरांनी पत्ता देण्याआधी शिक्षकखोलीत विषय काढला आणि आम्ही त्यांना आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. भिवंडीत मजुरी बुडवून उपचाराला जाणाऱ्या माणसासाठी शिक्षकाचा शब्द हाच बहुधा शेवटचा शब्द असतो. सर आजही म्हणतात, ‘मी बरा झालो.’ हल्ली पुढे जोडतात, ‘कशाने, ते सांगता येत नाही.’ विज्ञानाच्या शिक्षकाने असे म्हणण्यात कमीपणा नाही.