तीन आठवड्यांचा गुरू

आलेक्सांद्र द रोद ह्या जेझुइट पाद्र्याच्या प्रवासवृत्तान्तात एक लहान मुलगा येतो आणि दोन-चार वाक्यांतच निघून जातो. मुलगा व्हिएतनामचा. त्याला पाद्र्याची भाषा येत नाही, पाद्र्याला त्याची येत नाही. तरीही तीन आठवड्यांत तो ह्या परक्या माणसाला आपल्या भाषेतले सगळे स्वर, चढउतार आणि शब्दांचे उच्चार शिकवतो. तेवढ्याच दिवसांत स्वतः लॅटिन वाचायला-लिहायला शिकून मोकळाही होतो. पाद्री त्याच्या बुद्धीची तोंडभर स्तुती करतो आणि पुढे त्या मुलाने आपलेच नाव घेतले हे अभिमानाने नोंदवतो. त्याचे मूळचे नाव काय, हे मात्र सांगत नाही.

हा वृत्तान्त १६५३ साली पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये छापला गेला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६६ मध्ये निघाले. मला व्हिएतनामी येत नाही, फ्रेंचही नाही, त्यामुळे माझे सगळे वाचन इंग्रजीच्या खिडकीतून झालेले आहे, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो. पण मी पेशाने शाळामास्तर आहे. शिकवणे आणि शिकणे ह्यांत कोण कोणावर उपकार करतो, ह्याचा थोडाफार अनुभव मला आहे. त्याच बळावर हे लिहिण्याचे धाडस करतो.

रोद आव्हिन्योंचा. १६१२ मध्ये तो रोमला जेझुइट संघात दाखल झाला, १६१९ साली लिस्बनहून निघून गोव्याला आला, आणि मलाक्का, मकाव असे करीत १६२४ च्या अखेरीस कोचीनचीनमध्ये, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनाममध्ये, उतरला. तेव्हा तो नुकता तिशीत होता. तिथल्या बायकांचे बोलणे कानी पडले तेव्हा त्याला ती पाखरांची किलबिल वाटली आणि आपल्याला ही भाषा कधी येईल ही आशाच त्याने सोडून दिली. गंमत अशी की ही उपमा सुंदर असली तरी अडाणी आहे. ज्याला भाषा कळत नाही त्यालाच ती पाखरांची वाटते. ज्याचे घर त्या भाषेत आहे त्याला त्यात भांडण, बाजारभाव आणि सासूची कुरकुर ऐकू येते.

स्वरांची भानगड अशी : एकच अक्षर सहा सुरांत म्हणता येते आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. 'का' चढा म्हटला तर मासा, उतरता म्हटला तर वांगे. एका पाद्रीबाबाने नोकराला मासे आणायला पाठवले आणि नोकर टोपलीभर वांगी घेऊन परतला, हा किस्सा रोदच सांगतो. दुसऱ्याने बांबू तोडायला सांगितले; सूर चुकला आणि घरातली मुले जीव घेऊन पळाली, कारण बांबू आणि मूल ह्या दोन शब्दांत सुराखेरीज अंतर नव्हते. रोद हे हसत हसत लिहितो. मला वाटते, त्याच्या गद्याचा हा सर्वांत निरोगी भाग आहे. ज्याला स्वतःच्या चुकीचे हसू येते त्याला भाषा लवकर येते, हे मी वर्गात वारंवार पाहिले आहे. चार महिन्यांत तो लोकांचे पापनिवेदन ऐकू लागला आणि सहा महिन्यांत प्रवचन करू लागला, असे तो म्हणतो. ह्यात थोडी बढाई धरली तरी कामगिरी लहान नाही.

हा खटाटोप कशासाठी हे समजायचे तर त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. ती क्रिस्तोफोरो बोर्री ह्या इटालियन पाद्र्याने १६३१ मध्ये छापलेल्या वृत्तान्तात आहे. १६१५ साली तिथे आलेल्या बुझोमी नावाच्या पाद्र्याला एकदा भर चौकात चाललेले सोंग दिसले. एका नटाने पोर्तुगीज वेष केला होता, पोटावर भलीमोठी खोटी ढेरी बांधली होती, आणि एका पोराला विचारत होता : बाळा, पोर्तुगीजाच्या पोटात शिरतोस का? पोर हो म्हणे आणि ढेरीत शिरे. लोक खो-खो हसत होते. बुझोमीच्या ध्यानात आले की आपले दुभाषे धर्म स्वीकारण्याचा प्रश्न नेमक्या ह्याच शब्दांत विचारीत आले होते. ख्रिस्ती होणे म्हणजे पोर्तुगीज होणे, असाच त्याचा अर्थ लोक लावीत होते. त्याने शब्द बदलून घेतले. पण मला त्या अनाम नटाचे कौतुक वाटते. पाद्र्यांच्या सगळ्या कारभारावर त्या काळात कुणी समीक्षा लिहिली असेल तर ती ह्या नटाने, एका ढेरीने.

१६५१ साली रोमला रोदचा कोश निघाला. त्यात व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन अशा तीन भाषा आणि सोबत एक छोटे व्याकरण आहे. त्याच वर्षी त्याची प्रश्नोत्तरी आली : आठ दिवसांची शिकवण, एका स्तंभात लॅटिन आणि शेजारी व्हिएतनामी. रोमन लिपीत व्हिएतनामी लिहिण्याची जी पद्धत आज सर्वत्र चालते तिचे श्रेय बरीच वर्षे ह्या एका माणसाच्या पदरात टाकले गेले. ते खरे नाही आणि तसे तो स्वतःही म्हणत नाही. गास्पार दु आमाराल आणि आंतोनियु बार्बोझा ह्या दोघांच्या कोशांचा आधार घेतल्याचे तो प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगतो. ते दोन्ही कोश आज हरवलेले आहेत. त्याच्याही आधी फ्रांसिश्कु द पीना हा पोर्तुगीज पाद्री होता. दुभाष्याविना प्रवचन करणारा तो पहिला, रोदचा गुरू, आणि १६२५ मध्ये समुद्रात बुडून मेला. म्हणजे रोदच्या वाट्याला त्याच्याकडून एक वर्ष मिळाले. अलीकडच्या अभ्यासकांनी पीनाला त्याचे श्रेय परत दिले आहे. मुलाला कोण देणार?

कोश म्हणून हा ग्रंथ अजून जिवंत आहे, आणि ह्याचे कारण त्याच्या कर्त्याच्या हेतूत नाही. आकाशाला तेव्हा 'ब्ल' ने सुरू होणारा शब्द होता. आज तोच शब्द 'ट्र' ने लिहितात. म्हशीच्या शब्दात 'त्ल' होता. हे जोडउच्चार पुढे भाषेतून निघून गेले. रोदने ते ऐकले तसे टिपले म्हणून सतराव्या शतकातला व्हिएतनामी शेतकरी म्हशीला काय म्हणत होता हे आज कळते. आपल्याकडे मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाची आठवण येते. साहेबाच्या मागे शास्त्रीमंडळी बसली होती, आणि आज आपण त्या कोशात जातो ते आपल्याच आजीचे शब्द शोधायला.

प्रश्नोत्तरीकडे वळले की मन असे निवांत राहत नाही. व्हिएतनामीत 'मी' आणि 'तू' हे कोरडे शब्द सहसा वापरीतच नाहीत. बोलणारा स्वतःला लेकरू म्हणतो, धाकटा म्हणतो, नातू म्हणतो. समोरच्याला आजोबा, काकी, थोरला भाऊ. तोंड उघडायच्या आधी नाते ठरवावे लागते. मराठी माणसाला ह्यात परके काही वाटू नये. अरे-जारे आणि अहो-जाहो ह्यांत आपलेही अर्धे समाजशास्त्र आहे. अशा भाषेत रोदने आपल्या देवासाठी आकाशाचा धनी अशा अर्थाचे, अत्यंत आदराचे नाव योजले. आणि शाक्यमुनीच्या नावामागे 'थांग' हा शब्द लावला. 'थांग' म्हणजे पोऱ्या, हलका माणूस, ज्याला अरे-तुरे करायचे तो. त्याला लोकांना फसवणारा म्हटले आणि त्याला तोडले की झाडाच्या फांद्या आपोआप पडतील असा दृष्टान्त दिला.

त्याचे पक्षपाती म्हणतात की त्या काळी हा शब्द आजच्याइतका कडवट नव्हता. असेलही. पण ज्या पुस्तकात आदराची पायरी इतकी जपून ठेवलेली आहे त्यात ही एक पायरी नकळत निसटली असे मला वाटत नाही. सूर चुकल्यामुळे वांगी येतात; हा शब्द मात्र सूर बरोबर लागल्याचे लक्षण आहे. भाषा त्याला पूर्णपणे आली होती. अपमान कुठे लागतो हे कळण्याइतकी आली होती. ज्याच्याकडून तो शिकला त्या मुलाच्या घरात ह्याच शाक्यमुनीपुढे उदबत्ती लागत असेल, हा विचार त्याच्या लेखणीला शिवलेला दिसत नाही.

एवढे लिहून थांबलो तर त्याच्यावर अन्याय होईल. गोव्यात असताना त्याने साष्टीत राहून तिथली भाषा शिकायचा प्रयत्न केला होता. नव्या ख्रिस्त्यांना आपला पोशाख टाकायला लावतात हे पाहून तो चिडला होता. जे प्रभूने मागितले नाही ते आपण का मागतो, असा त्याचा आशय. तो गोव्याला पोचला त्याच वर्षी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स वारला. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारा, मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचणारा तो माणूस. ह्या दोघांची जात एकच : आधी कान, मग तोंड. पण दोन्ही ठिकाणांचे पुढे काय झाले ते पाहावे. गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने कोकणी बोलण्यावरच बंदीचा हुकूम काढला. व्हिएतनाममध्ये कुणाला तसा हुकूम काढता आला नाही, कारण तिथे पाद्र्यामागे पोर्तुगीज तलवार नव्हती. राजाची मर्जी फिरली की रोदलाच देश सोडावा लागे. १६३० मध्ये उत्तरेतून आणि १६४५ मध्ये दक्षिणेतून त्याला काढून दिले. परक्याच्या भाषेबद्दलचे प्रेम किती अंशी खरे आणि किती अंशी निरुपायाचे, हे गोव्याचे आणि कोचीनचीनचे नकाशे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

लिपीची कथा आणखी वाकडी आहे. दोनशे वर्षे ती चर्चच्या आवारातच राहिली. मग फ्रेंच राज्य आले. १८६५ मध्ये सायगावला त्या लिपीतले पहिले वृत्तपत्र निघाले आणि १९१९ मध्ये चिनी अक्षरांतली जुनी राजपरीक्षा कायमची बंद झाली. फ्रेंचांशी लढणाऱ्यांनीच पुढे हीच लिपी उचलली. १९४५ मध्ये स्वतंत्र सरकारने साक्षरतेची मोहीम काढली ती तिच्याच जोरावर. खेड्यातला माणूस काही महिन्यांत वाचू लागला. आणि त्याच माणसाला आपल्या गावच्या देवळावरची अक्षरे वाचता येईनाशी झाली. न्गुयेन झू ह्या महाकवीने 'कियेउ' ज्या नोम लिपीत लिहिले ती आज फक्त पंडितांची उरली आहे. २०१९ मध्ये दा नांग शहरात पीना आणि रोद ह्यांची नावे रस्त्यांना द्यायची सूचना आली तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हे मला ठरवता आलेले नाही. माझ्या घरी आजोबांच्या हातची मोडीतली दोन बाडे आहेत. मी मराठीचा मास्तर, कादंबऱ्या लिहितो, आणि त्या बाडांत जमिनीचा हिशेब आहे की कुणाला लिहिलेले पत्र हेही मला सांगता येत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत होतो. मुले पावरी बोलत. मी मराठीत विचारायचा प्रश्न, आणि ती खिडकीबाहेर बघायची. मला ती मंद वाटली. वरिष्ठांना मी तसे लेखी कळवलेही. मग दुसरीतला एक मुलगा रोज शाळा सुटल्यावर पायरीवर बसून मला एकेक वस्तू दाखवू लागला आणि तिचे नाव सांगू लागला. मी चुकलो की तो पोट धरून हसे आणि पुन्हा सांगे. मी ते सगळे वहीत उतरवून घेतले. पावसाळा संपेपर्यंत मला वर्ग घेता येऊ लागला.

रोद वाचून झाल्यावर मी ती वही काढली. शब्द आहेत, अर्थ आहेत, तारखासुद्धा आहेत. मुलाचे नाव कुठेच नाही.