बटव्यातून हरवलेली आजी

दगडी पाला चुरगळून जखमेवर पिळला की हिरवा रस झोंबतो आणि रक्त थांबतं. वाळवा-कराडच्या पट्ट्यात उसाच्या सरीत पाय कापलेल्या कुणालाही हे माहीत असतं. आता त्याचे रील येतात: मागे बासरी, वर अक्षरं, 'पूर्वजांचं हजारो वर्षांचं ज्ञान'.

गंमत अशी, की एकदांडी, कंबरमोडी अशी अस्सल मराठी नावं मिरवणारी ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. आपल्या बांधावर ती आली गेल्या काही शतकांत. म्हणजे कुणीतरी हे परकं तण तोडलं, लावून बघितलं, गुण आला तसं शेजारणीला सांगितलं. रील तिचं श्रेय काढून 'पूर्वजां'ना देतं. 'आजीबाईचा बटवा' छापाच्या सगळ्याच मजकुराबद्दल माझी तक्रार हीच आहे. त्यातली आजी कधी प्रयोग करत नाही आणि कधी चुकतही नाही.

माझी चुकली होती. चुलत्याला मण्यार चावली तेव्हा तिनं आधी देवळात नेऊन कडुलिंबाचा पाला चावायला लावला. कडू लागला नाही तर विष चढलंय, अशी परीक्षा. त्यात दोन तास गेले. चुलता वाचला, पण चार दिवस व्हेंटिलेटरवर काढून. पुढं कुणाला पान लागलं की आजी पहिल्यांदा जीप शोधायला पिटाळायची. हा भाग कुठल्याच बटव्यात नसतो.

रूढीबद्दल कसं लिहावं, हे वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी 1959 साली दाखवलंय. 'फकिरा'त दुसऱ्या गावची जोगिणी आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला, अशी रीत आहे. रानोजी ती आणतो आणि जिवाला मुकतो. गावाला जत्रा मिळते, रानोजीचं घर उघडं पडतं. अण्णा भाऊ रीतीची टिंगल करत नाहीत, तिला ओवाळतही नाहीत. तिची किंमत कुणी मोजली, ते नावानिशी सांगतात.

मान्य, कादंबरीला पानं मिळतात आणि रीलला मोजका वेळ. पण 'माझी आजी, अमुक गावची, हे लागू पडलं, ते नाही पडलं' एवढं तेवढ्या वेळात मावतं. बासरी जरा कमी करावी लागेल.