ब्लेझ येथील चाकरांचीं घरें

इंग्लंडांत ब्रिस्टल शहराच्या उत्तर भागांत हेन्बरी येथें ‘ब्लेझ हॅम्लेट’ नांवाची नऊ घरांची वाडी आहे. जॉन हारफर्ड ह्या क्वेकरपंथी पेढीवाल्यानें ब्लेझ कॅसल ह्या आपल्या वाड्यांतील वृद्ध चाकरांकरितां ती १८१०-११ सालीं बांधविली. आराखडे जॉन नॅश ह्याचे. तपशिलांत जॉर्ज रेप्टन ह्याचें साह्य होतें. १९४३ पासून वाडी नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेकडे आहे. तिची स्तुति पुष्कळ झाली. परंतु ती बहुतेक हिरवळीवर उभे राहून केलेली स्तुति होय, असें आम्हांस वाटतें.

तेथून पाहतां ती अस्थानीं नाहीं. नवांत एकासारखें दुसरें घर नाहीं. कांहींचीं छपरें गवतानें शाकारलेलीं, कांहींचीं दगडी. विटांचीं धुराडीं तर घराच्या मानानें मुद्दाम उंच व नक्षीदार. डॉर्सेटमधील मिल्टन ॲबस हें गांव ताडून पाहावें. वाड्याजवळची जुनी वस्ती डोळ्यांस खुपते म्हणून लॉर्ड मिल्टन ह्यानें ती उठविली, आणि १७८० च्या सुमारास दूर एकसारख्या घरांच्या दोन ओळी उभ्या केल्या. नॅशनें ही ओळ मोडली, हें त्याचें खरें यश.

पण दारें पाहा. एका घराच्या दर्शनी बाजूवरून दुसऱ्याची दर्शनी बाजू दिसूं नये अशी मांडणी आहे. शेजाऱ्यांच्या गप्पांस आळा बसावा हा तींतील हेतु, असें सांगतात. जन्मभर एका धन्याच्या मुदपाकखान्यांत व तबेल्यांत एकत्र राबलेल्या माणसांस म्हातारपणीं पाठमोरें बसविणें, ह्यास औदार्य म्हणावें कीं शिस्त? आम्ही दोन्ही म्हणतों. बरें, हिरवळीवर पंप मात्र सर्वांचा एक, त्यावर सूर्यघड्याळ. पाणवठ्यावर मौन पाळणारी वस्ती आम्हीं तरी कोठें पाहिली नाहीं! भिंतींनीं तोडलेलें पंपानें जोडलें असावें, असा आमचा तर्क आहे.

अशा वास्तूंविषयीं लिहितांना आराखडा हीच मूळ संहिता मानण्याची चाल आहे. आमच्या मतें ती धन्याची टीका. संहिता घरांत आहे. निजण्याच्या खोल्या वर छपरांत काढल्या आहेत, आणि राहणारा तर वृद्ध. धुराड्यांचें वर्णन करणारांनीं निदान एका घराचा जिना मोजून द्यावा.