पाकिटावर न छापलेली कलमे : बीटी कापसाच्या तंत्रज्ञान परवाना कराराची चिकित्सा

प्रास्ताविक

बौद्धिक संपदेची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने पेटंटभोवती फिरते. पेटंट कसे मिळवावे, त्याची मुदत किती, त्याचे उल्लंघन कशास म्हणावे, हे प्रश्न अभ्यासक्रमातही येतात आणि परिसंवादांतही. परंतु पेटंट हा केवळ इतरांना रोखण्याचा अधिकार होय. त्या अधिकारातून पैसा, सत्ता आणि जबाबदारी यांची वाटणी होते ती परवाना करारातून. तंत्रज्ञान कोणी वापरावे, किती मोबदल्यात वापरावे, ते निष्प्रभ ठरल्यास तोटा कोणी सोसावा आणि करार मोडल्यास हाती काय उरावे, हे सारे तेथे ठरते. म्हणूनच करारपत्र ही केवळ वकिलांच्या नव्हे, तर समाजाच्या अभ्यासाचीही संहिता ठरते.

या दृष्टीने जालना जिल्ह्याइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. अंबड तालुक्यातील शहागड हे गोदावरीकाठचे, छत्रपती संभाजीनगर–बीड मार्गावरील गाव कापसाच्या पट्ट्यात येते. भारतात ज्या तंत्रज्ञान कराराने सर्वाधिक वाद निर्माण केले, त्याचा एक पक्ष याच जिल्ह्याच्या मुख्यालयी जन्माला आला. येथील शेतकऱ्याने बीटी कापसाचे पाकीट विकत घेतले तेव्हा त्याने त्या कराराचे शुल्कही भरले. मात्र त्या करारावर त्याची सही नव्हती. न्यायालयाच्या व स्पर्धा आयोगाच्या आदेशांतून उघड झालेल्या तरतुदींच्या आधारे या कराराची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कराराची पार्श्वभूमी

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन केली. त्या काळातील बियाणे उद्योगाचा पाया सार्वजनिक संशोधन संस्थांनी दिलेल्या वाणांवर उभा होता. संशोधन शासनाचे आणि बीजोत्पादन व विक्री उद्योजकाची, अशी ती विभागणी होती. १९९८ मध्ये अमेरिकेतील मोन्सॅन्टो कंपनीने महिकोचे २६ टक्के भाग घेतले आणि दोहोंच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतून महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी उभी राहिली. येथे उद्योगाचा आधारच बदलला. आता विक्रीस आलेली वस्तू बियाणे नव्हती. बियाण्यात घालावयाचा गुणधर्म ही ती वस्तू होती.

२६ मार्च २००२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन संकरित वाणांना सशर्त मान्यता दिली. त्यांत क्राय-१-एसी हे एकच जनुक होते. दोन जनुकांचे बोलगार्ड-२ हे तंत्रज्ञान २००६ मध्ये मान्य झाले. संयुक्त कंपनीने हे तंत्रज्ञान स्वतःपुरते न ठेवता चाळीसहून अधिक बियाणे कंपन्यांना उपपरवान्याने दिले. या निर्णयाचे श्रेय तिला द्यावयास हवे. एकाच कंपनीच्या मोजक्या वाणांऐवजी विविध जमिनींना व पर्जन्यमानांना अनुरूप असे शेकडो वाण बाजारात आले आणि तंत्रज्ञानाचा प्रसार वेगाने झाला. प्रश्न प्रसाराचा नसून त्याच्या अटींचा आहे.

परवाना नेमका कशाचा?

वाटाघाटीतील पहिला प्रश्न किमतीचा असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पहिला प्रश्न वस्तूचा असतो : मोबदला नेमका कशाबद्दल द्यावयाचा? बीटी कापसाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आश्चर्यकारक आहे. बोलगार्ड-१ मधील जनुकाला भारतात पेटंट नव्हते. तरीही त्याबद्दल वर्षानुवर्षे शुल्क आकारले गेले. हे शुल्क बेकायदेशीर होते असे नव्हे. जनुक असलेले मूळ बियाणे पुरवठादाराच्या ताब्यात होते आणि जैवसुरक्षा मान्यतेसाठी लागणारी चाचण्यांची माहितीही त्याच्याकडेच होती. म्हणजे खरी संपदा पेटंटपत्रात नव्हती. ती ताब्यात आणि मान्यतेत होती.

बोलगार्ड-२ शी संबंधित २१४४३६ क्रमांकाचे पेटंट २००८ मध्ये मिळाले. त्याची मुदत २०१९ मध्ये संपली. त्याची वैधताही वादातीत राहिली नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार वनस्पती, बियाणे व वाण यांना पेटंट मिळत नाही. जनुक वनस्पतीत गेल्यावर ते वनस्पतीचाच भाग होते की स्वतंत्र शोध राहते, हा वादाचा गाभा होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ११ एप्रिल २०१८ रोजी हे पेटंट अवैध ठरविले. असा गुंतागुंतीचा प्रश्न पुराव्याशिवाय निकाली काढता येणार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०१९ रोजी तो निर्णय रद्द केला व प्रकरण एकसदस्यीय पीठाकडे परत पाठविले. मार्च २०२१ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. परिणामी, ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद चालला त्याचे अंतिम उत्तर देशाला मिळालेच नाही. खासगी तडजोड पक्षकारांचा वाद संपविते. सार्वजनिक कायद्यातील संदिग्धता तशीच राहते.

मोबदला आणि बाहेर पडण्याची वाट

स्पर्धा आयोगाने १० फेब्रुवारी २०१६ रोजी चौकशीचा आदेश दिला. त्यात नोंदविल्याप्रमाणे उपपरवानाधारकास प्रारंभी ५० लाख रुपयांचे विनापरतावा शुल्क आणि त्यानंतर प्रत्येक पाकिटामागे गुणधर्म शुल्क द्यावे लागे. हे शुल्क पाकिटाच्या कमाल किमतीशी निगडित असून हंगामापूर्वी ठरत असे. २००५ च्या सुमारास १,६०० ते १,८५० रुपयांच्या पाकिटात सुमारे १,२५० रुपये या शुल्काचे होते. म्हणजे शेतकऱ्याच्या दोन तृतीयांशाहून अधिक रकमेचा संबंध बियाण्याशी नव्हे, तर परवान्याशी होता.

तथापि अधिक गंभीर तरतुदी पैशाच्या नव्हत्या. प्रतिस्पर्धी तंत्रज्ञानाशी व्यवहार करू पाहणाऱ्या कंपनीने तशी सूचना देणे आणि करार संपल्यावर जनुकयुक्त मूळ वाण नष्ट करणे, अशा अटी आयोगाला प्रथमदर्शनी कठोर वाटल्या. शुल्क एका हंगामाचा नफा कमी करते. बाहेर पडण्याची वाट बंद करणारे कलम पुढील सर्व वाटाघाटींतील बळ काढून घेते. नुझीवीडू सीड्सचे प्रकरण याची साक्ष देते. २००४ चा उपपरवाना मार्च २०१५ मध्ये वाढविण्यात आला आणि शुल्काच्या वादातून नोव्हेंबर २०१५ मध्ये संपुष्टात आणला गेला. शासनाने ठरविलेल्या दराप्रमाणे शुल्क घ्यावे, अशी परवानाधारकाची मागणी होती. करारातील दर बंधनकारक आहे, अशी परवानादात्याची भूमिका होती. बदलत्या कायद्याचा करारावर काय परिणाम होईल, हे आरंभीच नि:संदिग्धपणे लिहिले गेले असते, तर या वादाचे स्वरूप निश्चितच मर्यादित राहिले असते.

पर्याय नसलेल्याची वाटाघाट

वाटाघाटीचे बळ बोलण्याच्या कौशल्यात नसते, पर्यायात असते. तो पर्याय सार्वजनिक संशोधनाने द्यावा, ही अपेक्षा रास्त होती. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून बिकानेरी नरमा या सरळ वाणाचे बीटी रूप तयार झाले व २००८ मध्ये त्यास मान्यता मिळाली. सरळ वाण असल्याने त्याची सरकी शेतकऱ्याला पुन्हा पेरता आली असती. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ ने दिलेला बियाणे राखण्याचा हक्क संकरित वाणात नाममात्र उरतो, कारण दुसऱ्या पिढीत त्याचा जोम टिकत नाही. तो येथे सार्थ झाला असता. परंतु या वाणात मोन्सॅन्टोच्याच मोन-५३१ या घटनेचा अंश आढळला आणि ते मागे घ्यावे लागले. प्रयोगशाळेत आलेली प्रत्येक सामग्री कोठून व कोणत्या अटींवर आली याची काटेकोर नोंद ठेवणे हे कारकुनी काम नसून वाटाघाटीची पूर्वतयारी होय, हा धडा विद्यापीठांनी घ्यावयास हवा.

शासनाचा हस्तक्षेप : दर बदलला, अटी राहिल्या

आंध्र प्रदेश शासनाच्या तक्रारीवर मक्तेदारी आयोगाने मे २००६ मध्ये वाजवी शुल्क ठरविण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतींसाठी स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय आदेशानंतर बोलगार्ड-२ चे गुणधर्म शुल्क २०१६ मध्ये ४९, २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० रुपये झाले आणि २०२० मध्ये शून्यावर आले. मात्र पाकिटाची कमाल किंमत २०२० मध्ये ७३० रुपये होती, ती २०२५ मध्ये ९०१ रुपये झाली. शुल्क संपले म्हणून बियाणे स्वस्त झाले नाही.

करारातील अटींना हात घालण्याचा प्रयत्न एकदाच झाला. १८ मे २०१६ च्या अधिसूचनेने नमुना करार, शुल्काची मर्यादा आणि मागेल त्यास परवाना अशा तरतुदी केल्या. पण काही दिवसांतच ती मागे घेऊन केवळ मसुदा म्हणून हरकतींसाठी ठेवण्यात आली. त्याच वर्षी मोन्सॅन्टोने तणनाशक-सहनशील कापसाचा मान्यतेचा अर्ज मागे घेतला. पुढे तेच गुणधर्म असलेले बियाणे विनापरवाना, विनापावती महाराष्ट्राच्या शेतांत पोहोचले. मोबदल्याची खात्री नसेल तर तंत्रज्ञान देणारा मागे हटतो, हा परवानादात्यांचा युक्तिवाद या ठिकाणी दुर्लक्षिता येत नाही. केवळ दर दाबल्याने न्याय होत नाही. कधी कधी शेतकऱ्याच्या हातातील पावतीच नाहीशी होते.

जोखीम कोणाची?

या कराराची खरी परीक्षा २०१७ च्या खरिपात झाली. गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-२ ला दाद दिली नाही आणि मराठवाडा-विदर्भातील कापूस उद्ध्वस्त झाला. राज्य शासनाने कोरडवाहू क्षेत्रासाठी हेक्टरी ३०,८०० रुपयांची मदत जाहीर केली. त्यांपैकी १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून मिळावयाचे होते. उगवण व शुद्धता योग्य असताना किडीतील प्रतिकारशक्तीचे दायित्व बियाण्यावर कसे, अशी कंपन्यांची हरकत होती. आश्रय ओळी लावल्या गेल्या नाहीत आणि हंगाम लांबविला गेला, असेही सांगण्यात आले. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु ज्या गुणधर्माचे शुल्क पाकिटागणिक वसूल झाले, तो गुणधर्म निष्प्रभ झाल्यावर परवानादाता विक्रेत्या कंपनीकडे, कंपनी किडीकडे आणि शासन कंपनीकडे बोट दाखविते. शहागडच्या शेतकऱ्याच्या हाती मात्र पंचनाम्याचा कागद राहतो. मोबदला खालून वर अचूक पोहोचतो. जोखीम वरून खाली तितक्याच अचूकपणे उतरते. कराराची मूळ विषमता ती हीच.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, परवाना करारात पेटंट, सामग्री, माहिती व मान्यता यांचा मोबदला स्वतंत्रपणे दाखविला पाहिजे, म्हणजे पेटंट संपल्यावर अथवा रद्द झाल्यावर कोणते देणे थांबते हे कळेल. दुसरी, जैविक तंत्रज्ञानाचे शुल्क त्याच्या टिकून असलेल्या परिणामकारकतेशी बांधले जावे. प्रतिकारशक्ती आढळताच ते आपोआप घटावे. तिसरी, पेटंट कायद्याचे कलम १४० काही जाचक अटी निरर्थक ठरविते. त्याचा आधार करार होण्यापूर्वी घ्यावा, वाद झाल्यावर नव्हे. चौथी, ज्या कराराचे शुल्क शेवटच्या ग्राहकाकडून वसूल होते, त्यातील दायित्वाची कलमे त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजेत. पाकिटावर लागवडीच्या सूचना छापल्या जातात. गुणधर्म निष्प्रभ ठरल्यास दाद कोणाकडे मागावी, ही एक ओळ छापण्यास त्यापेक्षा अधिक जागा लागणार नाही.