पंचवीस धावांचा फरक : महाराष्ट्राच्या रणजी विजेतेपदाची गोष्ट कशी वाचावी

'पेट'ची तयारी करताना आपण गृहीतक, चल, नमुना, नियंत्रण असे शब्द घोकतो. व्याख्या तोंडपाठ होतात. पण समोर एखादा मजकूर आला, त्यात एखादा ठाम दावा असला, की हे शब्द बाजूला राहतात आणि आपण मान डोलावतो. म्हणून आज प्रयोगशाळेतलं उदाहरण नको. क्रिकेटमधली एक लाडकी गोष्ट घेऊ आणि ती संशोधनाचा पेपर वाचावा तशी वाचू.

गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक, दिनकर बळवंत देवधर. जन्म 14 जानेवारी 1892 चा. पन्नाशी जवळ आलेली असताना त्यांनी महाराष्ट्राचं नेतृत्व केलं आणि 1939-40 मध्ये संघाला रणजी करंडक जिंकून दिला. अंतिम सामना पुण्यात झाला आणि संयुक्त प्रांताचा संघ दहा गडी राखून हरवला. पुढच्याच वर्षी, 1940-41 मध्ये, अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासमध्येच जाऊन सहा गडी राखून हरवलं. त्याच मोसमात मुंबईविरुद्ध देवधरांनी 246 धावा काढल्या, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

यातली प्रत्येक घटना खरी आहे. माझी तक्रार घटनांबद्दल नाहीच. घटनांना जोडणारा जो दोरा आहे, त्याच्याबद्दल आहे. तो दोरा असा : बलाढ्य मुंबई, तिच्यासमोर साधंसुधं पुणे, आणि एका माणसाच्या जिद्दीने शहराचा गर्व उतरला. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, भाषणांत, शाळेच्या बक्षीस समारंभात ही गोष्ट याच रूपात येते. आता एकेक धागा ओढून बघू.

पहिला प्रश्न : गड कोणाचा आणि तो कधी पडला?

रणजी स्पर्धा 1934-35 ला सुरू झाली. पहिली दोन वर्षं मुंबईने जिंकली. मग नवानगर, मग हैदराबाद, मग बंगाल. महाराष्ट्राचा नंबर त्यानंतर लागला. म्हणजे मुंबईची मक्तेदारी महाराष्ट्राने मोडली असं म्हणता येत नाही, ती तीन वर्षं आधीच मोडली होती. आणि मोडली ती नवानगरने, म्हणजे जामनगरच्या संस्थानी संघाने.

तुलनेसाठी आयर्लंडकडे बघा. तिथल्या फुटबॉल लीगमध्ये 1921-22 पासून दरवर्षी डब्लिनचाच कुठला तरी क्लब विजेता ठरत होता. 1932-33 मध्ये डंडॉक नावाच्या लहान गावाच्या क्लबने लीग जिंकली. डब्लिनबाहेरचा तो पहिलाच विजेता. रेल्वे कारखान्यातल्या कामगारांच्या संघातून हा क्लब उभा राहिला होता (कल्याणच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको, रेल्वेच्या गावात मैदान कसं तयार होतं ते). 'राजधानीची मक्तेदारी मोडली' हे वाक्य डंडॉकबद्दल लिहिलं तर ते अचूक आहे. तेच वाक्य 1939-40 च्या महाराष्ट्राला चिकटवलं तर ते नुसतं सुंदर आहे.

धडा छोटा आहे. 'पहिल्यांदाच' हा शब्द दिसला की मागची यादी काढा. दोन मिनिटांचं काम असतं, आणि अर्धे दावे तिथेच बसतात.

दुसरा प्रश्न : 'महाराष्ट्र' म्हणजे कोण?

1939 मध्ये महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. ते 1 मे 1960 ला झालं. पुणे आणि मुंबई दोन्ही शहरं तेव्हा मुंबई प्रांतातच होती. महाराष्ट्र हा क्रिकेटचा संघ राज्याच्या कितीतरी आधीचा, आणि त्याचं केंद्र पुणे. आजही एका राज्यात तीन रणजी संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. ठाणे, कल्याण, डोंबिवली हा आपला पट्टा मुंबईच्या संघटनेकडे येतो. म्हणून डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे मुंबईकडून खेळला आणि कल्याणचा तुषार देशपांडेही मुंबईकडूनच.

मग 'महाराष्ट्राचं विजेतेपद' म्हणताना आपली छाती नेमकी कशाने फुगते? राज्याने की संघाने? आपल्या अभ्यासातला चल नावाने एक आणि मोजमापाने दुसराच असेल, तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात व्याख्या देतात ती यासाठी. परीक्षकाला खूश करायला नाही.

तिसरा प्रश्न : नमुना केवढा?

तेव्हाची रणजी बाद पद्धतीची होती. हरलात की घरी. लीगमध्ये प्रत्येक क्लब बाकीच्या सगळ्यांशी पुन्हा पुन्हा खेळतो, त्यामुळे नशिबाचा वाटा हळूहळू धुतला जातो. बाद पद्धतीत तसं होत नाही. उदाहरणासाठी धरा, करंडकासाठी चार सामने जिंकावे लागतात आणि संघ अगदी सरासरी आहे, म्हणजे प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी. चारही जिंकण्याची शक्यता येते सोळात एक. स्पर्धेत डझनभर संघ असले तर असा एखादा नशीबवान विजेता निघणं नवलाचं नाही.

इथे घाईघाईने 'बघा, नशीबच होतं' म्हणणारेही चुकतात. कारण महाराष्ट्र दोनदा लागोपाठ जिंकला. त्याच सरासरी संघासाठी ही शक्यता येते 256 मध्ये एक. संघ बराच चांगला आहे, प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता 0.8 आहे, असं धरलं तर दोन्ही करंडकांची शक्यता सुमारे 17 टक्के होते. पुरावा चांगल्या संघाच्या बाजूने झुकतो, आणि तो झुकतो दुसऱ्या वर्षामुळे. गंमत अशी की गोष्ट सांगणारे पहिल्या वर्षावर थांबतात आणि दुसऱ्याला शेपटासारखं जोडतात. पुराव्याच्या दृष्टीने दुसरं वर्षच जास्त मोलाचं आहे.

आता त्या दुसऱ्या वर्षातला मुंबईविरुद्धचा सामना बघा. पुण्यात महाराष्ट्राने पहिल्या डावात 675 धावा केल्या. मुंबईने उत्तरात 650 केल्या. निकाल पहिल्या डावातल्या आघाडीवर लागला. दोन्ही डावांत मिळून 1325 धावा आणि फरक 25 चा, म्हणजे दोन टक्क्यांपेक्षाही कमी. एखादा झेल सुटला असता, एखादा खेळाडू तासभर जास्त टिकला असता, तर आज हीच गोष्ट आपण 'मुंबईचा खडूसपणा' या मथळ्याखाली वाचत असतो. तेच खेळाडू, तेच 246, तीच जिद्द. निकालावरून गुण ठरवायचे आणि मग त्या गुणांमुळेच निकाल लागला असं म्हणायचं, हा गोल गोल फिरणारा युक्तिवाद आहे. तुमच्या प्रपोजलमध्ये तो सापडला तर मार्गदर्शक पहिली लाल रेघ तिथेच मारतील.

चौथा प्रश्न : श्रेय कोणाचं, खेळपट्टीचं की माणसांचं?

1939-40 च्या मोसमातली सगळ्यात मोठी खेळी देवधरांची नाही. ती सांगलीच्या विजय हजारेंची : बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद 316. त्यातही बघण्यासारखी गोष्ट दुसऱ्या टोकाला आहे. नवव्या विकेटसाठी हजारे आणि नगरवाला यांनी 245 धावा जोडल्या आणि त्यात नगरवाला 98 वर बाद झाले. नवव्या विकेटला 245! कर्णधाराच्या गोष्टीत या 98 धावांना जागाच नसते.

'पुण्याची खेळपट्टीच पाटा होती, म्हणून हे आकडे' असा आक्षेप घेता येईल, आणि तो वाजवी आहे. याच पुण्यात 1948-49 मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद 443 केल्या. त्याच मोसमात पुण्यातल्या मुंबई-महाराष्ट्र सामन्यात एकूण 2376 धावा झाल्या. म्हणून 246 किंवा 316 हा आकडा सुटा वाचायचा नाही, त्या मैदानाच्या मापाने वाचायचा. पण खेळपट्टी हेच खरं कारण असेल, तर एक भाकीत निघतं : पुण्याबाहेर हा संघ ढेपाळायला हवा. 1940-41 चा अंतिम सामना मद्रासमध्ये होता, आणि तो महाराष्ट्राने जिंकला. एका सामन्याने आक्षेप पुरता खोडला जात नाही, पण त्याची धार कमी होते. पर्यायी स्पष्टीकरण नुसतं नोंदवायचं नसतं. त्यातून काय व्हायला हवं होतं ते काढायचं, आणि मग ते झालं का ते बघायचं.

पाचवा प्रश्न : जो कोणी विचारत नाही

ठाण्यात खंडू रांगणेकर बॅडमिंटन हॉल आहे. तिथे खेळायला जाणाऱ्या किती जणांना हे नाव कोणाचं ते माहीत असेल? रांगणेकर 1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात भारताकडून तीन कसोटी खेळले. पण आपल्याला ते वेगळ्या कारणाने हवे आहेत. 1939-40 मध्ये ते महाराष्ट्राकडून रणजीत आले आणि पदार्पणातच वेस्टर्न इंडियाविरुद्ध 102 धावा काढल्या. पुढच्या वर्षी ते मुंबईकडे होते. वर ज्या 650 धावा सांगितल्या, त्यातल्या 202 रांगणेकरांच्या. महाराष्ट्राविरुद्ध!

म्हणजे विजेत्या संघातला शतकवीर एका वर्षात समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला होता. महाराष्ट्र त्यानंतरही, 25 धावांनी का होईना, पुढे राहिला. एवढ्यापुरता हा कर्णधाराच्या आणि उरलेल्या संघाच्या बाजूचा चांगला पुरावा आहे. पण पुढे चला. 1941-42 पासून विजय हजारे बडोद्याकडून खेळू लागले. 1946-47 च्या अंतिम सामन्यात बडोद्यासाठी गुल महंमद यांच्यासोबत त्यांनी 577 धावांची भागीदारी केली आणि करंडक बडोद्याला गेला. रांगणेकरही पुढे होळकर संघाकडून खेळले. संस्थानिक खेळाडूंना नोकरी आणि हुद्दा देत. सी. के. नायडूंना होळकरांनी लष्करातच घेतलं होतं. पुण्याच्या संघामागे असा दरबार नव्हता.

आणि महाराष्ट्र? 1941-42 मध्ये करंडक मुंबईकडे परत गेला. महाराष्ट्र त्यानंतर 1970-71, 1992-93 आणि 2013-14 मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. मुंबईने 2023-24 मध्ये बेचाळिसावं विजेतेपद घेतलं. महाराष्ट्राच्या नावावर तीच दोन आहेत.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. कर्णधाराची गोष्ट 'का जिंकले' याचं उत्तर इतकं गोड देते की 'पुन्हा का नाही जिंकले' हे विचारायचंच राहून जातं. जिद्द हे कारण मानलं तर त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत जिद्द आटली असं म्हणावं लागेल, आणि हे हास्यास्पद आहे. याउलट 'गुणी खेळाडू घडत होते, पण त्यांना धरून ठेवणारी व्यवस्था नव्हती' हे स्पष्टीकरण दोन्ही बाजूंना लागू पडतं, विजयालाही आणि नंतरच्या दुष्काळालाही. ते पूर्ण आहे असं नाही. पण चांगल्या गृहीतकाची पहिली खूण हीच : ते यशाबरोबर अपयशाचाही हिशेब देतं.

यात देवधर लहान होत नाहीत. उलट 1944 मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली, 105 आणि 141. त्यांची क्षमता सिद्ध करायला करंडकाची गरजच नाही. पण त्या शतकांच्या वेळी हजारे संघात नव्हते, रांगणेकर नव्हते, आणि करंडकही आला नाही. एकाच माणसाने जिंकून दिलं म्हणणाऱ्यांनी हे वर्ष वाचायला हवं.

आपल्यापैकी अनेकजण मोठ्या संस्थांच्या बाहेरून संशोधनात येतात. लोकलने दोन-दोन तास प्रवास करून, महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत. आपल्याला 'एकट्याच्या जिद्दीने' ही गोष्ट फार आवडते, कारण ती धीर देते. धीर घ्या, जरूर घ्या. पण प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा : फेलोशिप वेळेवर मिळते का, गेल्या पाच वर्षांत किती जणांनी पीएचडी पूर्ण केली, आणि किती जण मधेच सोडून गेले. सोडून गेलेल्यांची नावं भिंतीवरच्या बोर्डावर नसतात. तीही मागून घ्या.