खेळाचा खर्च कुणाच्या वहीत? ‘द गेम ऑफ लाइफ’ पाचगणीत वाचताना

पाचगणीच्या बसस्टँडवरून टेबललँडच्या दिशेने चालत निघा. वाटेत निवासी शाळांच्या पाट्या, कमानी आणि फ्लेक्स लागतील. त्यावरचे फोटो नीट बघा. वर्गातल्या फळ्यापेक्षा मैदान, घोडा, फुटबॉल आणि स्विमिंग पूल जास्त दिसतील. आता तुम्ही पेट पास झालेले आहात, गाईड मिळालेला आहे आणि सिनॉप्सिस लिहायचा आहे असं समजा. हे फोटो बघून पहिला विषय काय सुचेल? ‘क्रीडासुविधांचा प्रवेशसंख्येवर होणारा परिणाम: एक अभ्यास.’

सुचला ना? मलाही हाच सुचला होता. गाईडनी एकच प्रश्न विचारला: “परिणाम कुणावर? आणि पैसे कुणाचे?” मी गप्प बसलो. त्यानंतर त्यांनी एक पुस्तक वाचायला सांगितलं. आज त्याच पुस्तकाबद्दल लिहितोय. त्याची स्तुतीही करणार आहे आणि ते कुठे कमी पडतं हेही सांगणार आहे. कारण संशोधनाच्या तयारीत ‘लिटरेचर रिव्ह्यू’ म्हणजे सारांशांची माळ, असा आपला समज झालेला असतो. पुस्तकाशी भांडायचं कसं, हे कुणी शिकवत नाही.

पुस्तक आहे ‘द गेम ऑफ लाइफ’. लेखक जेम्स शुलमन आणि विल्यम बोवेन. प्रकाशन २००१. बोवेन हे अर्थशास्त्रज्ञ, १९७२ ते १९८८ प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष. म्हणजे हा बाहेरून दगड मारणारा माणूस नव्हता, ही व्यवस्था त्याने आतून चालवलेली होती.

पुस्तक काय करतं

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल आणि बास्केटबॉल हा मोठा धंदा आहे. टीव्हीचे करार, हजारो प्रेक्षकांची स्टेडियम, कोट्यवधींचे पगार घेणारे कोच. यावर लिहायचं म्हटलं की बहुतेक जण सरळ त्या मोठ्या विद्यापीठांकडे जातात. शुलमन आणि बोवेन यांनी तसं केलं नाही. त्यांनी ३० निवडक, प्रवेशाला अवघड असलेल्या संस्था घेतल्या आणि १९५१, १९७६ व १९८९ या तीन वर्षी दाखल झालेल्या सुमारे ९०,००० विद्यार्थ्यांची माहिती तपासली. प्रवेशाच्या वेळचे गुण, कॉलेजातली कामगिरी, पुढची नोकरी, पगार, माजी विद्यार्थी म्हणून दिलेली देणगी, असं सगळं.

त्यांचा खरा शोध तिकीटविक्रीबद्दल नाहीच, जागेबद्दल आहे. मोठ्या विद्यापीठात हजारो विद्यार्थ्यांत शे-दोनशे खेळाडू मिसळून जातात. पण लहान निवासी कॉलेजात फुटबॉलची टीम भरायची, मग हॉकीची, पोहण्याची, टेनिसची, तर एकूण जागांपैकी मोठा हिस्सा तिकडे जातो. लेखकांना दिसलं ते असं: खेळाडू म्हणून निवडलेल्या मुलाला प्रवेशात मिळणारा फायदा हा माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना किंवा अल्पसंख्याकांना मिळणाऱ्या फायद्यापेक्षाही जास्त होता. १९५१ च्या तुकडीत खेळाडू आणि इतर यांच्यात फारसा फरक नव्हता, १९८९ पर्यंत तो चांगलाच रुंदावला. आणि हे शिष्यवृत्तीवर खेळाडू आणणाऱ्या विद्यापीठांपुरतं नाही, खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांतही घडत होतं.

म्हणजे खेळाचा सर्वात मोठा खर्च हिशेबाच्या वहीत रुपये-डॉलरमध्ये दिसतच नाही. ज्या मुलीला किंवा मुलाला ती जागा मिळाली नाही, त्याच्या आयुष्यात तो खर्च पडतो, आणि त्याला तो कळतही नाही. पुस्तकातली ही गोष्ट पाचगणीसारख्या लहान निवासी संस्थांच्या गावात बसून वाचली की जास्त टोचते. मोजकी वसतिगृहं, मोजक्या खाटा. एका गोष्टीसाठी दिलेली खाट दुसऱ्या गोष्टीसाठी उरत नाही.

पहिली भांडणाची जागा: ‘खेळामुळे पैसा येतो’

पुस्तक म्हणतं की जिंकण्याने देणग्या वाढतात हा समज बहुतांशी खोटा आहे. पण तुम्ही पुढचं संशोधन वाचलंत तर वेगळंच काही सापडेल.

१९८४ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी लांब पास टाकून सामना जिंकला, आणि त्यानंतर कॉलेजकडे येणारे अर्ज वाढले असं म्हटलं जाऊ लागलं. याला ‘फ्लूटी इफेक्ट’ हे नावच पडलं. पोप बंधूंनी २००९ मध्ये हे आकड्यांत तपासलं: खेळातल्या यशानंतर अर्ज साधारण २ ते ८ टक्के वाढतात. डग चुंग यांच्या २०१३ च्या अभ्यासात, सुमार टीम उत्कृष्ट झाली तर वाढ १८ टक्क्यांच्या पुढे जाते. मात्र हा परिणाम कमी गुणांच्या विद्यार्थ्यांवर जास्त दिसतो आणि काळानुसार विरत जातो.

मग कोण चुकलं? इथे नवा संशोधक घाबरतो आणि लिहितो, ‘याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.’ कृपा करून असं लिहू नका. आधी बघा की दोघं एकच गोष्ट मोजतायत का. शुलमन-बोवेन देणगी मोजतात, पोप आणि चुंग अर्ज मोजतात. अर्ज वाढला म्हणजे उत्पन्न वाढलं असं नाही. जागा तेवढ्याच असतील तर फक्त नाकारलेल्यांची यादी लांबते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ‘जिंकलं की अर्ज वाढतात’ हे खरं धरू. पण प्रत्येक सामन्यात कुणीतरी हरतंच. सगळ्या कॉलेजांनी खर्च दुप्पट केला तरी जिंकणाऱ्यांची संख्या दुप्पट होत नाही. एका संस्थेसाठी शहाणपणाचा असलेला खर्च सगळ्यांनी मिळून केला की तो निव्वळ चढाओढ होते. शेजारच्याने टर्फ टाकलं म्हणून आपण टर्फ टाकायचं. आता कुणीच पुढे नाही, पण फी मात्र दोघांचीही वाढलेली. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘एका शाळेवरील परिणाम’ आणि ‘गावातल्या सगळ्या शाळांवरील परिणाम’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या पहिल्या मसुद्यात ते एकच होते. गाईडचा प्रश्न नेमका तिथेच लागला होता.

दुसरी जागा: ‘खेळाडू’ म्हणजे कोण?

पुस्तकाची मोठी पद्धतशीर अडचण ही की खेळाडू हा गट त्यांनी फार ढोबळ धरला. कोचने आधीच हेरून, यादीत नाव घालून आणलेला मुलगा आणि कॉलेजात आल्यावर आवडीने टीममध्ये शिरलेला मुलगा, दोघं एकाच रकान्यात. बोवेन यांना हे उमगलेलं असावं, कारण २००३ मध्ये सारा लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी ‘रिक्लेमिंग द गेम’ लिहिलं आणि दोन्ही गट वेगळे केले. मग काय दिसलं? अभ्यासात मागे पडण्याचा प्रश्न मुख्यतः हेरून आणलेल्यांचा होता. आवडीने खेळणारे इतर विद्यार्थ्यांसारखेच होते.

लक्षात घ्या, यातून निष्कर्षच फिरतो. ‘खेळामुळे अभ्यास बिघडतो’ असं म्हणायला जागा उरत नाही. बिघडते ती निवडीची पद्धत. एक व्याख्या सुधारली आणि आरोपी बदलला. म्हणून सांगतो, प्रश्नावली छापायला टाकण्याआधी चार दिवस फक्त व्याख्येवर घालवा.

तिसरी जागा: जे पुस्तकाला दिसलंच नाही

या पुस्तकात खेळाडू म्हणजे जागा अडवणारा माणूस. तो काही निर्माण करतो, त्याच्या घामावर कुणीतरी कमावतं, हा विचार त्यात जवळपास नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९-० ने निकाल दिला की खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवर एनसीएए ही क्रीडासंघटना अशी मर्यादा घालू शकत नाही. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली: जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटता येणार. आपल्या पैशात पावणेदोनशे कोटींच्या आसपास, तेही एका विद्यापीठाचे, एका वर्षाचे.

पुस्तक २००१ चं आहे, त्याला हे कसं दिसणार, असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण धंदा तर तेव्हाही चालू होता. लेखकांनी संस्थेच्या खुर्चीत बसून पाहिलं, म्हणून त्यांना जागा दिसली आणि खेळाडूची मेहनत दिसली नाही. आपण कुठे बसून मोजतोय, हे लिहून ठेवणं हा शोभेचा परिच्छेद नसतो, हे मला इथे कळलं.

आता आपल्या जिल्ह्यात या

हे सगळं उचलून साताऱ्यात आणलं तर काय होतं? पाचगणी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातलं कराडजवळचं गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचं गाव. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं.

ही गोष्ट आपण शाळेत डोळे पाणावून ऐकतो. प्राचार्यांचं मोठेपण खरंच आहे, त्याला माझा नमस्कार. पण एकदा तीच गोष्ट हिशेबाची वही म्हणून वाचा. ऑलिंपिकला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च कॉलेजच्या वहीत नव्हता, सरकारच्या वहीत पुरेसा नव्हता, म्हणून तो एका माणसाच्या घरावर चढला. आणि परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून, त्यातून पैसे उभे करून प्राचार्यांचं घर सोडवलं असं त्यांच्याबद्दल सर्वत्र लिहिलेलं आढळतं. म्हणजे शेवटी खर्च फेडला तो खेळाडूच्या अंगानेच. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार म्हणून लागले.

शुलमन-बोवेन यांचा प्रश्न ‘जागा कुणाची गेली’ हा आहे. आपल्याकडे तो तसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या कॉलेजच्या खेळाला तिकीट नाही, टीव्ही नाही. आपल्याकडे खेळाचा मोबदला कागदावर मिळतो: दहावी-बारावीचे वाढीव गुण, प्रवेशातला खेळाडू कोटा, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांतलं ५ टक्के आरक्षण. त्यामुळे जागेचं भांडण कॉलेजच्या दारातून निघून सरकारी नोकरीच्या दारात जातं. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आली ती याच कारणाने. जिथे बक्षीस प्रमाणपत्रावर आहे, तिथे धंदा प्रमाणपत्राचा होणार.

आणि खर्च? तो अजूनही बहुतेक वेळा घरावरच आहे. फरक एवढाच की पाचगणीत वर्षाची फी लाखांत भरणाऱ्या पालकाच्या मुलाला मैदान, कोच आणि आहार एका पॅकेजात मिळतो. माणच्या मोही गावच्या ललिता बाबरला, जी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, किंवा फलटणजवळच्या सरड्याच्या तिरंदाज प्रवीण जाधवला, जो जिल्हा परिषदेच्या शाळेतून क्रीडा प्रबोधिनीमार्फत टोकियोपर्यंत गेला, असं पॅकेज नव्हतं. माण, फलटण आणि पाचगणी एकाच जिल्ह्यात आहेत. सुविधा एका टोकाला आणि ऑलिंपिकपटू दुसऱ्या टोकाला, हे चित्र ज्याला संशोधनाचा प्रश्न वाटत नाही त्याने विषय बदलावा.

अर्थात दोन-तीन नावांवरून सिद्धांत मांडू नका. न पोहोचलेल्या मुलांची नावं कुठेच छापून येत नाहीत, आणि तुमचा खरा अभ्यास त्यांच्यावरच व्हायला हवा. शुलमन-बोवेन यांचा धडा इथे पुन्हा कामाला येतो: यादीत जो नाही, त्यालाही मोजा.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल?

‘क्रीडासुविधांचा परिणाम’ हा शब्दप्रयोग खोडा. त्याऐवजी एक विद्यार्थी-खेळाडू घ्या आणि त्याचा एका वर्षाचा हिशेब मांडा. बूट, प्रवास, अंडी-दूध, स्पर्धेची फी, बुडालेली मजुरी, दुखापतीचा दवाखाना. प्रत्येक ओळीसमोर लिहा की पैसे कुणी दिले: संस्था, सरकार, घर, शिक्षक, की कुणीच नाही. असे तीस-चाळीस हिशेब निवासी शाळेतले, तेवढेच जिल्हा परिषदेच्या शाळेतले, तेवढेच कॉलेजमधले. कागद साधा आहे, पण अशी वही आपल्या भागात भरलेली मला अजून वाचायला मिळालेली नाही.

‘द गेम ऑफ लाइफ’ जरूर वाचा. त्यातली उत्तरं अमेरिकेतच राहू देत, प्रश्न विचारायची शिस्त तेवढी घ्या. आणि मुलाखतीला जाल तेव्हा आईला विचारायला विसरू नका. घरचा हिशेब बहुतेक वेळा तिच्याकडे असतो, आणि प्रश्नावलीत सही मात्र वडिलांची घेतली जाते.