मोहनांबाळची आई

तंजावूरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला लागलं की आधी सूरक्कोट्टै येतं आणि पुढे ओरत्तनाडु. सूरक्कोट्टै हे नट शिवाजी गणेशन यांच्या घराण्याचं गाव. ओरत्तनाडुत सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं छत्र आहे. छत्र म्हणजे आपली धर्मशाळा आणि अन्नछत्र एकाच आवारात. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंची सोय. ‘तिल्लाना मोहनांबाळ’ हा १९६८चा चित्रपट अलीकडे पुन्हा पाहिला, तेव्हा ही दोन गावं एकमेकांना काही सांगताहेत असं वाटू लागलं.

या भागातल्या आम्हा मराठी घरांना शिवाजी गणेशन जरा जास्तच जवळचे. गणेशन नावाच्या तरुण नटाने अण्णादुराईंच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केली, पेरियारांनी त्याला ‘शिवाजी’ म्हटलं आणि ते नाव जन्मभर राहिलं. घरात आम्ही आमची जुन्या वळणाची, तमिळ शब्दांनी भरलेली मराठी बोलायचो. पण हसणं-रडणं शिकलो ते तमिळ सिनेमात. तंबूत वाळूवर बसायचं, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. एकच यंत्र असल्याने रीळ बदलेपर्यंत अंधारात थांबायचं आणि तेवढ्यात पुढे काय होणार यावर पैजा लावायच्या. घरी परतल्यावर तीच गाणी रेडिओ सिलोनच्या तमिळ कार्यक्रमात ऐकायची.

ए. पी. नागराजन यांचा हा चित्रपट कोत्तमंगलम सुब्बु यांच्या कादंबरीवर बेतलेला आहे. सिक्कल षण्मुगसुंदरम हा नादस्वरम वाजवणारा मानी कलावंत, मोहनांबाळ ही तिरुवारूरची नर्तकी. पडद्यावर वाद्य शिवाजींच्या ओठांशी; प्रत्यक्षात वाजवलं ते मदुरैच्या सेतुरामन-पोन्नुस्वामी या बंधूंनी. तंबूतले आम्ही सगळे षण्मुगमच्या बाजूचे. त्याचा राग म्हणजे कलेचा स्वाभिमान. मोहनाची आई वडिवांबाळ लोभी, आणि तिला श्रीमंतांची स्थळं सुचवणारा वैती हा बदमाश. नागेशने तो इतका गोड बदमाश केला होता की त्याच्या प्रत्येक वाक्यावर हशा पिकायचा.

आज पाहताना हशा तिथेच येतो, पण सहानुभूतीची जागा बदलते. षण्मुगम खांबाआड लपून मोहनाचा नाच पाहतो आणि ती नाचता नाचता गाण्यातून त्याला ओळखल्याचं कळवते, तो प्रसंग अजूनही तितकाच सुंदर आहे. मात्र त्यापुढे हा माणूस तिच्यावर किती वेळा संशय घेतो, ते मोजावंसं वाटतं. गावचा मैनर असो की मदनपूरचा महाराजा, बोली लावणारे ते. निर्दोषपणा सिद्ध करायचा तो मोहनाने. तिच्या नृत्याला दाद मिळते, शब्दाला मिळत नाही.

आणि आई? सी. के. सरस्वती यांनी ती ठसक्यात, जवळजवळ विनोदी अंगाने केली आहे. प्रेक्षकाने तिचा राग करावा, अशीच पटकथेची रचना. पण या बाईला ठाऊक असलेला हिशेब एकच आहे: नर्तकीचं तारुण्य सरतं, घर चालवायचं तर कुणीतरी धनवान हवा. हा हिशेब तिने मांडलेला नाही, तिला तो वारशाने मिळाला आहे. देवदासी प्रथा बंद करणारा मद्रासचा कायदा १९४७चा. चित्रपट त्यानंतर २१ वर्षांनी आला, तरी त्यात प्रथेचं नाव नाही आणि कायद्याचंही नाही. सगळा दोष एका आईच्या हावरेपणावर टाकून तो मोकळा होतो, आणि उत्तर म्हणून लग्न देतो.

मराठी वाचकाला इथे ‘पिंजरा’ आठवेल. १९७२च्या त्या चित्रपटात नाचणारी बाई मास्तरांना रसातळाला नेते. इथे नाचणारी बाई परीक्षा देत देत गृहिणी होते. एकीत भीती, दुसरीत उद्धार. नाचणाऱ्या बाईने नाचून सन्मानाने पोट भरावं, ही साधी शक्यता दोन्हीकडे टिकत नाही.

या गोष्टीत आपण मराठी लोक नुसते प्रेक्षक नाही. तिल्लाना हा भरतनाट्यमच्या मैफलीतला शेवटचा टप्पा, आणि त्या मैफलीचा आजचा क्रम बांधला तो चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी. सरफोजींच्या तंजावूर दरबाराचा त्यांना आश्रय होता. त्याचा अभिमान आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण कलेला आश्रय देणारा दरबार आणि नर्तकीला विकत घेऊ पाहणारा मदनपूरचा महाराजा, यांच्यात पैसा, वाडा आणि अधिकार सारखेच असतात. अभिमान धरायचा तर हेही त्याच्याबरोबर येतं.

म्हणून मुक्तांबाळ आठवते. ती सरफोजींची लग्नाची राणी नव्हती. मरताना तिने आपल्या नावाने दानधर्माची इमारत मागितली, असं सांगतात. अशा छत्रांत काय चाले, हे सरफोजींनी १८०१मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहून कळवलं होतं: सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण, आजाऱ्यांना औषध, गरोदर बायकांची देखभाल, आणि मध्यरात्री घंटा वाजवून कुणी उपाशी राहिलं असल्यास बोलावणं. दागिना किंवा वाडा न मागता तिने हे मागितलं असेल, तर वडिवांबाळच्या भीतीवर याहून मोठं उत्तर मला त्या चित्रपटात सापडत नाही. अर्थात तिच्याही हाती राजाचाच पैसा होता.

तरुणपणीचे चित्रपट पुन्हा पाहावेत ते जुना सुगंध हुंगण्यापुरते नकोत. तेव्हा ज्यांच्यावर आपण हसलो, त्यांच्याजवळ थोडं बसण्यासाठी पाहावेत. जुगलबंदीत नादस्वरम चढू लागलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. फक्त आता त्याच वेळी मी गर्दीत त्या आईचा चेहरा शोधते.